मार्चमधले पैसे

वर्षाचं धान्य भरायचे दिवस संक्रांत उलटली की सुरू होतात आणि पाऊस लागायच्या आत उरकावे लागतात. आधी तूर येते, मग हरभरा, मग रब्बीची ज्वारी, आणि होळीच्या पुढेमागे गहू. हळद शिजून, वाळून सांगलीच्या आणि वसमतच्या बाजारात उतरते ती याच सुमाराला. मिरचीही तेव्हाच. चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करून ठेवायचे, तेही याच उन्हात. तांदूळ तेवढा दिवाळीनंतरचा, पण जाणती माणसं नव्या तांदळाची घाई करत नाहीत. नवा गिचका होतो; सहा महिने मुरला की भात मोकळा होतो आणि शिजून वाढतोही. कांदा भरायचा तो एप्रिल-मेमधला उन्हाळी, कारण तोच चार-पाच महिने टिकतो. दिवाळीच्या सुमाराचा लाल कांदा आणला की संपवायचा. तो ठेवला की कोंब काढतो.

आमच्या घरी हे वेळापत्रक कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं. आईच्या बोलण्यातच वर्ष असं विभागलेलं असे. "तुरीच्या राशी होऊ दे, मग बघू," "गव्हाच्या आधी साखरपुडा उरकून घेऊ." माझं माहेर लातूरकडचं. आजोबांच्या काळातलं भिंतीतलं धान्याचं बळद बुजवून टाकलेलं होतं, पण शेणामातीनं लिंपलेल्या कणग्या मला चांगल्या आठवतात. पुढे त्यांच्या जागी पत्र्याच्या कोठ्या आल्या. तुरीला तेल-पाणी लावून रात्रभर दडपून ठेवायची, चांगली कडक उन्हं द्यायची, मग जात्यावर भरडायची. सुपानं पाखडलं की टरफलं एकीकडे, चुणी एकीकडे. चुणी गुरांच्या घमेल्यात जाई. शंभर किलो तुरीची सत्तरच्या आसपास डाळ हाती लागते. हे प्रमाण आईला तोंडपाठ होतं, आणि दुकानातला भाव ऐकला की ती मनातल्या मनात उलटा हिशेब करून शेतकऱ्याला काय मिळालं असेल ते सांगायची.

तो उलटा हिशेब मला पुण्यात संसार करताना फार उपयोगी पडला. महागाईच्या बातम्यांत भाव दिसतो, तो भाव कुठून आला ते दिसत नाही.

तुरीचंच घ्या. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं मराठवाड्यात पाऊस कमी झाला. तुरी वाळल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये, ऐन दसरा-दिवाळीत, तूरडाळ किलोला २०० रुपयांवर पोचली. पुण्या-मुंबईत वरणाची चर्चा सुरू झाली तेव्हा आमच्याकडे पाण्याची सुरू होती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावं लागलं. एकाच कोरड्या आभाळाची ही दोन टोकं होती. मग काय झालं, तर भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली, २०१६ चा पाऊस चांगला झाला आणि २०१७ च्या सुरुवातीला बाजार समित्यांत तुरीचे डोंगर लागले. सरकारनं बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव जाहीर केलेला होता. बाजारात तो मिळेना. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, माणसं पोत्यांवर झोपलेली. माझ्या नात्यातल्यांनी त्या हंगामात चार हजारांच्या आसपास तूर विकली, म्हणजे किलोला चाळीस रुपये. दोनशे आणि चाळीस, मधे दीड वर्षही नाही.

या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी एक भाव असतो, जो देणाऱ्याला परवडतो आणि घेणाऱ्यालाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल खळ्यावर असताना, घरानं वर्षाची डाळ थेट घेतली तर तो भाव बऱ्याचदा सापडतो. शेतकऱ्याला त्या वेळी पैशांची निकड असते, ठेवायला जागा नसते, आणि भाव पाडायला बाजारात सगळ्यांचाच माल आलेला असतो. अशा वेळी एखादं घर पन्नास किलो उचलतं तेव्हा बाजारावरचा भार थोडा हलका होतो. तेच घर ऑक्टोबरमध्ये बातमी ऐकून दुकानात धावत गेलं, तर टंचाईत भर घालतं. म्हणून घरच्या साठवणीला साठेबाजीच्या रांगेत बसवलेलं मला अजिबात पटत नाही. जून २०२३ मध्ये केंद्रानं तूर आणि उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला २०० टन आणि किरकोळ दुकानदाराला ५ टन ठेवायला परवानगी होती. कोठीतल्या पन्नास किलोंचा त्या आकड्यांशी काही संबंध नाही. फरक प्रमाणाचा तर आहेच, वेळेचाही आहे. हंगामात घेऊन वर्षभर खाणं वेगळं आणि टंचाईत घेऊन विकायला दाबून ठेवणं वेगळं.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. साठवण दर वर्षी पैसे वाचवतेच असं नाही. २०२४ च्या मध्याला तूरडाळ दीडशेच्या वर होती. पुढच्या वर्षी आयात आणि नवं पीक येऊन ती उतरली. ज्यांनी चढ्या भावात वर्षाची भरली असेल त्यांना ती महाग पडली असणार. तरीही मी भरते. मार्चमध्ये एकदा धान्य घरात आलं की महिन्याच्या खर्चातला एक मोठा भाग हलायचा थांबतो. मग टोमॅटो जुलै २०२३ सारखा २०० रुपयांवर गेला, किंवा कांदा डिसेंबर २०१९ सारखा शंभरी ओलांडून गेला, तरी भाकरी आणि आमटी जागेवर असते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ज्यांचं धान्य भरून झालं होतं त्यांना निदान दुकानापुढच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही.

आता टिकवण्याबद्दल, कारण इथेच सगळं कौशल्य आहे आणि घरोघरी याच बाबतीत हात सुटत चालला आहे.

धान्याचा खरा शत्रू ओल. कीड नंतर येते. धान्य दाताखाली धरलं की कट्ट वाजलं पाहिजे; नुसतं चेपलं गेलं तर ऊन कमी पडलंय. उन्हातून आणलेलं धान्य गरम असताना कोठीत भरायचं नाही. रात्रभर चादरीवर पसरून पूर्ण निवू द्यायचं, नाहीतर आत घाम धरतो आणि वरचा थर बुरसतो. कोठी गळ्यापर्यंत भरायची, मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. कोठी जमिनीला आणि भिंतीला टेकवायची नाही, खाली पाट किंवा विटा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्यात मोठी कोठी सारखी उघडायची नाही. पंधरा दिवसांचं धान्य कोरड्या हातानं, कोरड्या दिवशी, छोट्या डब्यात काढून घ्यायचं. आईकडे आषाढ-श्रावणात कोठीला हात लावायची परवानगी फक्त तिला होती.

गव्हाला आणि डाळीला एरंडेल चोळतात त्यामागे चांगलं कारण आहे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की भुंग्याला अंडी चिकटवता येत नाहीत, आणि घातलेली असली तरी ती गुदमरतात. अख्ख्या कडधान्याला भुंगा लवकर लागतो कारण पुष्कळदा तो शेतातूनच शेंगेबरोबर येतो. भरडलेली डाळ त्या मानानं टिकते. म्हणून तूर अख्खी ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवलेली बरी. वाल, चवळी, मटकी यांना जुन्या बायका चाळलेली राख लावून ठेवत. राख किड्याच्या अंगावरचं तेलकट आवरण खरवडते आणि तो वाळून मरतो. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून घालायचा, ओला घातला तर तोच ओल देतो. रवा भाजून ठेवायचा. ज्यांच्याकडे फ्रीजरमध्ये जागा आहे त्यांनी तो आणल्याबरोबर चार दिवस तिथे ठेवला तरी चालतं.

बोरिक पावडरीबद्दल माझं मत बदलत बदलत आता पक्कं झालंय. तांदळाला ती सर्रास लावतात, पण घरात लहान मुलं असतील तर टाळावी, आणि लावलीच तर तांदूळ चार पाण्यांनी धुवावा. धान्यात टाकायच्या ज्या विषारी गोळ्या गोदामांसाठी मिळतात, ज्यातून वायू सुटतो, त्या मात्र घरात आणूच नयेत. स्वस्त पडतात, म्हणून कुणीतरी देतं, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्या वायूनं जीवानिशी गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. एक पोतं गहू किडला तर किडू दे.

पीठ कधीच साठवायचं नाही. बाजरीचं पीठ आठवड्याभरातच कडवट लागायला लागतं, कारण तिच्यात तेल जास्त. ज्वारीच्या शिळ्या पिठाची विरी जाते. भाकरी थापताना कडा फुटतात, उचलताना तुकडा पडतो. दाणा वर्षभर टिकतो, पीठ टिकत नाही, म्हणून घराजवळची गिरणी ही साठवणीचाच भाग आहे. आमच्या भागातली एक गिरणी बंद पडली तेव्हा कितीतरी घरांनी गहू भरणं सोडून दिलं आणि आट्याच्या पिशव्या आणायला सुरुवात केली. दोष त्यांचा नाही. पंधरा किलो गव्हाचा डबा घेऊन दोन किलोमीटर कोण जाणार?

कोकणात या सगळ्याला आगोट म्हणतात. तिथे धान्याइतकीच सुकी मासळी महत्त्वाची असते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला, मग मे संपायच्या आत बोंबील, जवळा, सोडे, सुकट भरून ठेवायचे. शिवाय आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसाची साठं, कुळीथ. गोव्यात हेच पुरुमेंत. मेच्या अखेरीला मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं आणि माणसं मिरची, सुकी मासळी, कोकम, चिंच तिथूनच घेतात. घाटावर वाळवणं: कुरडया, सांडगे, शेवया, खानदेशात बिबड्या, विदर्भात खारोड्या. प्रत्येक मुलखानं पावसाळ्याच्या चार महिन्यांची भीती आपापल्या परीनं ओळखलेली आहे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत आषाढातल्या कांदेनवमीला भजी, थालीपीठ, झुणका असं पोटभर कांद्याचं होतं आणि मग चार महिने कांद्याशिवायचा स्वयंपाक. चाळीतला उन्हाळी कांदा सरत येतो आणि खरिपाचा अजून निघायचा असतो, तेही नेमके हेच महिने. मी चातुर्मास पाळत नाही, पण कांदा भडकला की आजीच्या त्या चार महिन्यांतल्या भाज्या करते. मेथीची डाळ घालून परतलेली, दुधीची ताकातली, भोपळ्याची दाण्याचं कूट घालून. त्यात कांद्याची उणीव भासत नाही, कारण त्या कांद्याशिवायच जन्माला आलेल्या आहेत.

काटकसर म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं आपल्या स्वयंपाकात आधीच मुरलेलं आहे. पुरणाची हरभऱ्याची डाळ शिजवून वर आलेलं पाणी फेकायचं नाही, त्याची कटाची आमटी होते, आणि सणाच्या दिवशी ती पोळीच्या तोडीस तोड मागून खाल्ली जाते. तूप कढवल्यावर उरलेल्या बेरीत गूळ घालून मुलांना. फोडणीची पोळी, फोडणीचा भात. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीत. आई कोंड्याचा मांडा करणारी बाई होती आणि तिच्या हाताखाली कुणाला कधी कमी पडल्याचं मला आठवत नाही. मात्र एका बाबतीत तिनं कधी काटकसर केली नाही, ती म्हणजे डाळ. आमटी पातळ झाली की ती ओरडायची, "पाणी पाजतेस का लेकरांना?"

तिचं बरोबर होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं रोजचं ताट सुचवलंय त्यात माणशी २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. चौघांच्या घराला हिशेब करून बघा. दिवसाला किलोभर धान्य, म्हणजे वर्षाला ३६५ किलो. डाळी-कडधान्यं दिवसाला ३४० ग्रॅम, वर्षाला सव्वाशे किलोच्या जवळपास. धान्याला सरासरी ४० रुपये आणि डाळीला १२० रुपये धरले (भाव गावागणिक बदलतील, हे नुसते हिशेबापुरते) तर धान्याचे साडेचौदा हजार आणि डाळीचे पंधरा हजार. तीस हजार रुपये, मिरची-हळद-तेल सोडून.

मार्चमध्ये एकरकमी तीस हजार. इथे येऊन माझी सगळी साठवणीची हौस थबकते.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबतात. पाव किलो डाळ, तेलाची लहानातली लहान पिशवी, दहा रुपयांचं तिखट, चहाची पुडी. हातात आलेल्या पैशाइतकंच सामान. त्या पुड्यांवर किलोचा भाव काढून बघावा. बहुतेक वेळा तो मोठ्या पाकिटापेक्षा चढाच निघतो. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे कमी, त्या त्याच डाळीला जास्त देतात. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, छापील नावाच्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर. तीस किलोचं पोतं उचलणाऱ्या मला तो लागत नाही. पाच किलोची आट्याची पिशवी घेणाऱ्या मावशींच्या सुनेला लागतो. हा नियम कुणी मुद्दाम गरिबांविरुद्ध केला असेल असं मी म्हणत नाही. पण पोतं घेण्याची ऐपत आणि ठेवण्याची जागा ज्यांच्याकडे आहे त्यांनाच साठवणीचे सगळे फायदे मिळतात, ही गोष्ट मला झोपू देत नाही. सरकारच्याच २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे खेड्यातलं घर आपल्या खर्चातले शंभरातले ४७ आणि शहरातलं ४० रुपये खाण्यावर घालवतं. ही सरासरी झाली. मावशींच्या घरी सरासरी काय असेल ते त्यांना विचारायचं धाडस मला होत नाही.

रेशन आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. त्यानं पोट भरण्याचा प्रश्न पुष्कळ सुटलाय, हे मावशीच सांगतात. पण रेशनवर येतो गहू आणि तांदूळ. भाव उडी मारतात ते डाळीचे आणि तेलाचे. निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली तर त्याचा चटका आमच्या वस्तीतल्या वडापावच्या गाडीपर्यंत आला. सप्टेंबर २०२४ मध्ये आयात शुल्क वाढलं, तेही ऐन सणात. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून वाढलं, आणि मी लातूरची, मला ते कळतं. कढईपुढे उभ्या असलेल्या बाईला तेवढ्यानं तेल स्वस्त मिळत नाही.

मुंबईत १९७२ साली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. दुष्काळ, मिलो ही रेशनवरची परदेशी ज्वारी, दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी, यांचं ते वर्ष. समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर यांनी वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांना एका महागाई प्रतिकार समितीत एकत्र आणलं, आणि लाटणं मोर्चा हा शब्द मराठीला मिळाला. पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. शेजारपाजारच्या घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र द्यायची, माल एकत्र येतो, आणि सभासदच तो एखाद्याच्या घरी किंवा जिन्याखाली मोजून वाटून घेतात. भाव घाऊक, आणि घ्यायचं मात्र घरापुरतं. मोर्चाची ताकद आणि वाण्याच्या वहीची शिस्त, दोन्ही त्यात आहे.

त्याच धर्तीवर आम्ही आमच्या इमारतीतल्या काही जणी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांनी मिळून डाळीपुरतं एक जमवलं. सगळ्यांनी दर महिन्याला झेपेल तेवढे पैसे टाकायचे, भिशीसारखे, फक्त नंबर लावायचा नाही. फेब्रुवारीत जमतील तेवढ्याची तूर घ्यायची. माझ्या मावसभावाची आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांची तूर होती. त्यांना त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा थोडं वर दिलं, आडत आणि हमाली वाचली, तिकडच्याच एका लहान गिरणीत पॉलिश न करता डाळ भरडून घेतली आणि टेम्पोनं आणली. पॉलिश नसल्यामुळे ती काहीशी फिकट दिसते, काही जणींनी आधी नाक मुरडलं. शिजल्यावर वास आला आणि तो विषय तिथेच संपला.

अडचण दुसरीच निघाली. मला वाटत होतं, प्रत्येकीनं आपापली डाळ घरी न्यावी. मावशींनी स्वच्छ नकार दिला.

"घरात दिसली की राहत नाही ताई. एकच खोली. वरून गळतं, खालून घूस येते. आणि समजा नीट ठेवली, तर शेजारीण वाटी घेऊन आली की नाही म्हणता येतं का? तिनं माझ्या पोरीच्या बाळंतपणात दिलंय. पाहुणा आला, गावाकडचा पुतण्या आला, त्याला चार किलो बांधून द्यावी लागते. तुमच्याकडंच ठेवा. मी शनिवारी नेत जाईन."

हे ऐकेपर्यंत साठवण म्हणजे जागा, ऊन आणि पैसा एवढंच माझ्या डोक्यात होतं. भरलेली कोठी घरात असणं म्हणजे न मागता आलेल्या कित्येक हक्कांना उत्तर देणं, हे मावशींनी सांगितलं. माझ्या फ्लॅटचं दार बंद असतं. आत किती डाळ आहे ते कुणाला दिसत नाही, म्हणून ती टिकते. आईच्या वाड्यातल्या कोठ्यांतूनही गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत कितीतरी माणसांना धान्य जायचं. आई ते साठवणीतच धरत असे, आणि म्हणून चौघांना लागेल त्याहून दीडपट भरत असे. मावशींना दीडपट भरणं शक्य नाही, आणि देणं टाळणंही शक्य नाही.

मग डाळ एकत्रच ठेवली. पार्किंगलगत जुनं सामान ठेवायची एक खोली होती, ती झाडून, भिंतीची ओल बघून, फळ्या टाकून तयार केली. झाकणाचे पत्र्याचे मोठे पिंप आणले. एरंडेल चोळायला एका दुपारी सगळ्या बसलो आणि ते काम माझ्या माहितीत सर्वांत चांगलं मावशींनाच येतं, त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. शनिवारी संध्याकाळी दार उघडतं, काटा मावशींच्या हातात असतो, वही माझ्याकडे. ज्या घरात महिन्याला दहा किलो लागते ते एकदम नेतं, ज्यांना आठवड्याला किलो हवी ते तेवढी नेतात, भाव एकच. सोसायटीच्या सभेत दोन सभासदांनी उंदीर येतील म्हणून हरकत घेतली आहे आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. दाराखालच्या फटीला पत्रा मारून घेतलाय, तरी खोलीची परवानगी वर्षापुरतीच मिळाली आहे.

तेलाचं अजून बसत नाही. करडई आणि शेंगदाण्याचं घाण्याचं तेल सगळ्यांना हवं आहे, पण त्याचा भाव पामतेलाच्या पिशवीशी जुळत नाही, आणि तेल डाळीसारखं वर्षभर ठेवताही येत नाही, खवट होतं. पंधरा किलोचा डबा आणून महिन्याभरात वाटून संपवावा असं एक ठरतंय. त्यासाठी मापं कोणती धरायची यावर वाद आहे. पिशवीवर कधी लिटर लिहिलेलं असतं, कधी ग्रॅम, आणि एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅमच भरतं. मावशींनी वजनानंच द्यायचं असा आग्रह धरलाय. काटा त्यांच्याकडे आहे, तेव्हा तसंच होईल.

पुढच्या फेब्रुवारीसाठी पैसे जमवायला मी जूनपासून म्हणत होते. मावशी म्हणाल्या, जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणपतीत गावाला जाणं, काही उरत नाही. दिवाळीला सगळीकडून बोनस मिळतो, त्याच आठवड्यात चार महिन्यांचे एकदम घ्या, नंतर कुणाच्या हातात राहायचे नाहीत. वहीत मी तसं लिहून ठेवलंय, आणि यंदा तुरीबरोबर थोडी हरभऱ्याची डाळही घ्यायची आहे.